मधल्या रेषेपाशी अंथरलेले पोते

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

लिहून ठेवणार: मनकर्णा भ्रतार रंगनाथ कराळे, वय सुमारे चौसष्ट, धंदा शेती, राहणार केडगाव, तालुका नगर, जिल्हा अहमदनगर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या राहत्या घराच्या पडवीत बसून, मी हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. नजर लांबचे स्वच्छ दाखवते, जवळचे दाखवत नाही, म्हणून लिहिण्याचे काम नगरच्या कचेरीबाहेर दस्त लिहिणारे नृसिंह मुळे यांना दिले आहे. मी सांगते, ते लिहितात, आणि प्रत्येक कलम मला वाचून दाखवतात. कोणी मला धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. रागाच्या भरात तर करीत नाही ना, असे मुळे यांनी विचारले. राग आहे. पण तो आजचा नाही, चार वर्षे मुरलेला आहे, आणि मुरलेल्या रागाने माणसाची अक्कल जात नाही असे माझे मत आहे. तेही त्यांनी लिहून घेतले.

कलम १. माझे पती रंगनाथ यांना जाऊन बरीच वर्षे झाली. आम्हाला मूलबाळ नाही. माझी धाकटी बहीण राहीबाई बाळंतपणात गेली तेव्हा तिचा मुलगा गोरक्ष मी दुपट्यात गुंडाळून केडगावला आणला आणि आमच्या म्हशीच्या दुधावर वाढवला. त्याच्या बापाने दुसरे लग्न केले आणि पोराची चौकशी सोडली. गोरक्ष मला मावशी म्हणतो. दत्तकाचा कागद करायचा राहून गेला, कारण मूल घरात वाढवायला कागद लागतो हे आम्हा नवराबायकोला सुचलेच नाही. आता मुळे सांगतात की मी काही न लिहिता डोळे मिटले तर घर आणि जमीन नवऱ्याकडच्या वारसांना जाईल. म्हणजे माझे दीर कारभारी, जाऊ छबूबाई आणि त्यांच्या मुलांना. गोरक्षला याच पडवीत बसायची चोरी होईल. म्हणून हा खटाटोप.

घाई एवढ्यासाठी की मला श्वास लागतो. नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि हृदय मोठे झाले आहे असे सांगितले. मनकर्णाचे काळीज मोठे, हे ऐकून छबूबाई पदर तोंडाला लावून हसली. मी ते पाहिले आहे. तिच्याबद्दल पुढे येईल.

कलम २. केडगाव येथील माझे घर, दोन खोल्या व पडवी. पुण्याच्या रस्त्याच्या अंगाला असलेली जमीन, तिच्यातली विहीर आणि तेलावर चालणारे इंजिन. बैलजोडी, औत, कुळव, पाभर आणि घरातली भांडीकुंडी, हे सर्व माझ्या मागे गोरक्ष सखाराम लगड यास मिळावे. मात्र त्याला एक अट आहे. ती कलम ५ मध्ये येईल, कारण ती समजायला आधी हकीकत समजली पाहिजे.

कलम ३. हकीकत अशी. गोरक्ष कबड्डी खेळतो. तो लहान असताना आम्ही तिला हुतुतू म्हणायचो. कोर्टातल्या साहेबांना खेळ माहीत नसेल तर सांगते. एकाने दम धरून, तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत, समोरच्यांच्या हद्दीत शिरायचे, कोणाला तरी शिवायचे आणि दम तुटायच्या आत मधल्या रेषेवर परत यायचे. याला चढाई म्हणतात. समोरचे सात जण त्याला धरून ठेवायला टपलेले असतात. एवढाच खेळ आहे, आणि गोरक्षसारखी चढाई मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. हे मी त्याला वाढवले म्हणून म्हणत नाही. वाढवले नसते तरी म्हटले असते.

पहिल्यांदा मी त्याला जेवायला बोलवायला म्हणून मैदानावर गेले होते. बाजारातून परतताना डोक्यावर साखर कारखान्याचे एक रिकामे पोते होते. ते मधल्या रेषेच्या टोकाला अंथरून जरा टेकले, आणि खेळ संपेपर्यंत उठले नाही. गोरक्षची पाळी आली. त्याने रेषेला हात लावला, माती कपाळाला लावली, डावीकडे मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मग शिरला. एकाला शिवून हसत परत आला. त्या दिवसापासून चढाईला जाताना तो माझ्याकडे पाहिल्याशिवाय गेला नाही. मीही त्याचा एक सामना चुकवला नाही. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, तेव्हा मी पोते उचलून मैदानाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसते, म्हणजे मी कायम त्याच्या डाव्या हाताला राहते. तालुक्यातले पंच हे ओळखून आहेत. मी बसल्याशिवाय शिट्टी वाजवत नाहीत.

रांडमुंड बाईने पुरुषांच्या गर्दीत बसून चड्डीतल्या पोरांची झटापट काय पाहायची, असे गावात पुष्कळ बोलले गेले. बोलणाऱ्यांत छबूबाई पुढे होती. मी पोत्याला जुन्या लुगड्याचा काठ शिवून घेतला आणि बसत राहिले.

कलम ४. कानिफनाथ गर्जे, मूळचे पाथर्डी तालुक्यातले, हल्ली राहणार सावेडी, शाळेत कसरतीचे मास्तर आणि गेल्या वर्षापासून देशाच्या संघाचे प्रशिक्षक, यांना माझ्या मिळकतीतले सुतळीएवढेही काही मिळू नये.

इथे मुळे थांबले. गर्जे माझ्या नात्यागोत्यात नाहीत, वारस नाहीत, तेव्हा त्यांना वगळायचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, ज्याने घरातला माणूस नेला तो उद्या बांध ओलांडून येणार नाही कशावरून? लिहा. त्यांनी लिहिले.

मला गर्जे यांचा हेवा वाटतो. आडून बोलायची माझी पद्धत नाही. गोरक्षची बायको विजयमाला सून होऊन आली तेव्हा आता मनकर्णा जळणार म्हणून गाव डोळे लावून बसले होते. गावाची निराशा झाली. विजयमालाशी माझे छान जमते, आम्ही दोघी मिळून गोरक्षवर चिडतो. पण गर्जे यांनी चार वर्षांपूर्वी त्याला नगरच्या मैदानावर हेरले आणि तेव्हापासून आमच्या घरात माझे एक वाक्य उरले नाही. सर म्हणतात सामन्याआधी दूध नको. सर म्हणतात भिजवलेले हरभरे खा. सर म्हणतात उताणे झोपू नये. ज्या म्हशीच्या दुधावर तो उभा राहिला तिचे दूध त्याला जड झाले. चालतो गर्जे यांच्यासारखा, खाकरतो गर्जे यांच्यासारखा. शिबिरात काढलेला एक फोटो त्याने भिंतीला लावला, त्यात गर्जे यांचा हात त्याच्या खांद्यावर आहे. तो फोटो मी पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. फोडलेला नाही. माझ्या मागे ज्याला हवा त्याने काढून घ्यावा.

दुष्काळाच्या साली आमच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि अर्धे गाव खडी फोडायला जात होते. तेव्हा गर्जे यांनी केडगावात शिबिर भरवले आणि मैदानावर शिंपडायला पाणी हवे म्हणून गोरक्षला माझ्याकडे पाठवले. स्वतः आले नाहीत. पोरांचे गुडघे सोलवटतील म्हणून मी पाणी दिले. पुढे पेपरात शिबिराची बातमी आली. तिच्यात गर्जे यांचे नाव होते, विहिरीचे नव्हते.

गेल्या साली जिल्ह्याच्या सामन्यांआधी मात्र स्वतः आले आणि म्हणाले, तुम्ही मधल्या रेषेपाशी बसू नका, आमच्या संघाच्या पाठीमागे बसा. कारण काय, तर गोरक्ष तुमच्याकडे पाहतो आणि समोरच्यांना कळते. मी म्हटले, पाठीमागे बसून मला त्याची पाठ दिसेल. पाठ मी त्याला न्हाऊ घालताना पुष्कळ पाहिली आहे. मी जागा सोडली नाही. पण त्या सामन्यात गोरक्षने रेषेला हात लावला, माती कपाळाला लावली, आणि उजवीकडे गर्जे शिट्टी गळ्यात घालून उभे होते त्यांच्याकडे पाहिले. साऱ्या सामन्यात माझ्याकडे एकदाही मान वळली नाही. मी मध्यंतराला पोते उचलून पलीकडे गेले, तरी नाही. घरी आल्यावर मला ताप भरला. लोक म्हणाले ऊन लागले. ऊन लागले नव्हते.

बरे, एवढा माणूस आपल्या बाजूला ओढून घेतल्यावर त्याला खेळवतील की नाही? तेही नाही. दिवाळीनंतर नगरला देशाच्या संघातल्या गड्यांचा दिखाव्याचा सामना झाला. गोरक्ष सबंध सामना कडेला निळा कोट घालून, मानेवर टॉवेल टाकून बसला. त्याच्या जागी गर्जे यांनी एक उंच पोरगा पाठवला. तो तीनदा गेला आणि तीनदा आडवा झाला. गर्जे हाताची घडी घालून पाहत राहिले. मी तिथेच ओरडून विचारणार होते की हा खेळ तुम्हाला कोणी शिकवला, पण श्वास पुरला नाही. देशाचा संघ आता परदेशी जायचा आहे, त्याचे शिबिर पुण्याला चालू आहे आणि गोरक्ष तिथेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला खेळवायचे नाही तो माणूस परत करावा. गर्जे खेळवतही नाहीत आणि परतही करत नाहीत.

कलम ५. म्हणून अट अशी. गोरक्षने येत्या गुढीपाडव्यापर्यंत गर्जे यांची संगत सोडून कायमचे केडगावला यावे आणि आपल्या गावच्या मंडळाकडून खेळावे. न आल्यास कलम २ मधली सर्व मिळकत माझे दीर कारभारी कराळे यांच्या मुलांना जावी.

मुळे यांनी टाक खाली ठेवला. ते म्हणाले, "मनकर्णाबाई, ज्यांच्यापासून जमीन वाचवायला मला बोलावलंत, त्यांनाच देताय?"

मी म्हटले, व्हय. त्याला कळू द्या की माझं काय गेलं.

कलम ६. माझी पुतळ्यांची माळ आणि सोन्याची फुले सून विजयमाला हिला द्यावीत. अट नाही. तिने ती मोडून इंजिनाला पैसे घालू नयेत, स्वतः घालावीत.

कलम ७. तांब्याचा मोठा हंडा जाऊ छबूबाई हिला द्यावा. तिने तो माझ्याकडून दर लग्नकार्याला नेला आणि दर वेळी परत आणताना पोचा आणला. पोचे तिचेच आहेत, तेव्हा हंडाही तिच्याकडे असावा. माझे दिवस घालताना तिने माझ्याबद्दल चांगले बोलू नये. मला ते ऐकू येणार नाही आणि तिला सवय नाही.

दिवस मावळल्यामुळे पहिल्या दिवसाचे लिहिणे इथे थांबले.

कलम ८. आज दुसऱ्या दिवशी लिहायला बसतो न बसतो तोच अंगणात कानिफनाथ गर्जे उभे राहिले. पुण्याहून एसटीने आले होते. हातात पिशवी, तोंड उतरलेले. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे त्यांनी आधी तिळगूळ पुढे केला आणि गोड बोला म्हणाले. तिळगूळ मला नाकारता येईना. रथसप्तमीपर्यंत दारात आलेल्या वैऱ्याचाही तो घ्यावा लागतो, आणि घेतला की वाकडे बोलायची सोय राहत नाही. हे त्यांना बरोबर ठाऊक होते. मी तो तोंडात टाकला. ते मला मावशी म्हणाले, तेव्हा मात्र मी बजावले की मावशी म्हणायचा हक्क एकालाच आहे.

त्यापुढे झालेले बोलणे मुळे यांनी ऐकले आहे आणि ते मी मुद्दाम जसेच्या तसे दस्तात घालायला लावते.

गर्जे म्हणाले, "तुमचा पोरगा माझं ऐकत न्हाई."

मी म्हटले, चार वर्सं तुमचंच ऐकतोय, माझं काय ऐकतो?

"सगळं ऐकतो. मान ऐकत न्हाई." गर्जे पडवीच्या कडेला टेकले. "शिबिरात देशभरातले गडी हायेत. ह्यो चढाईला निघाला की आदी डावीकडं बघतो. तिथं कुनी नसतं. मोकळी जागा असती, तरी बघतो. मग पाय बी तिकडंच जातो. दोन दिवसांत साऱ्यांना ठावं झालं. त्याची मान वळली की डाव्या कोपऱ्यातला गडी घोटा धरायला तयारच असतो. नगरला तेवढ्यासाठीच बसवला हुता त्याला."

मी विचारले की जिल्ह्याच्या सामन्यात मी डावीकडेच बसले होते, तेव्हा माझ्याकडे का पाहिले नाही.

"तवा माझ्या धाकानं माझ्याकडं बघत हुता. आन तुमी हुता तिथं, हे त्याला ठावं हुतं. तुमी असला की मान आवरतो. नसला की हुडकतो."

मुळे माझ्याकडे पाहत होते, त्यांना मी कागदाकडे पाहायला सांगितले. मला आनंद झाला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इतका आनंद मला रंगनाथ असताना विहिरीला पाणी लागले त्या दिवशी झाला होता. पुण्याच्या मैदानावर, अनोळखी माणसांत, माझ्या मोकळ्या जागेकडे पाहून माझा पोरगा धरला जातो. त्याचे नुकसान होते आहे हे मला कळत होते, तरी आनंद होत होता.

गर्जे यांचे काम असे होते. परदेशी मैदानात उतरणाऱ्या सात जणांची नावे त्यांना परवा द्यायची आहेत. मी गोरक्षला निरोप द्यावा की आता डावीकडे पाहू नकोस. माझा निरोप आला तर तो ऐकेल. नाही तर त्यांना त्याला पुन्हा कडेला बसवावे लागेल.

मी म्हटले, "न्हाई सांगनार. त्यानं माझ्याकडं बघू नये असं मी माझ्या तोंडानं सांगू व्हय?"

गर्जे यांनी हुज्जत घातली नाही. त्यांना वाढायला मी विजयमालाला सांगितले, कारण जेवणवेळेला आलेला माणूस उपाशी घालवायची रीत आमच्या घरात नाही. हात धुवायला उठले तेव्हा भिंतीशी घडी घालून ठेवलेले माझे पोते त्यांना दिसले. कारखान्याची अक्षरे आता पुसट झाली आहेत, तरी त्यांनी ओळखली. उभ्या उभ्या ते लुगड्याच्या काठावरून हात फिरवत राहिले.

"असलंच पोतं आमच्या कोपीला, त्या पाचटाच्या झोपडीला, दार म्हनून हुतं," ते म्हणाले. "आई-बाप ऊसतोडीला जायचे. मी पाथर्डीला आज्ज्याकडं. आई फडात असायची, तवा मी खेळायचो. कडेला माझं कुनी बसलं न्हाई. मी कुनाकडं बघनार? समोर बघायला शिकलो. तेच पोरांना शिकवतो. दुसरं मला येत न्हाई."

मग ते आत जाऊन जेवले. भाकरी आणि शेंगांची आमटी. दोनदा वाढून घेतली.

कलम ९. ते जेवत असताना मी मुळे यांना सांगितले, कलम ५ मधली अट रद्द. ती खोडू नका, तशीच राहू द्या, म्हणजे मी काय करणार होते ते गोरक्ष वाचेल. पण ती लागू नाही. कलम २ मधली सर्व मिळकत गोरक्षला विनाअट मिळावी, तो केडगावला राहो, पुण्याला राहो की आणखी कुठे. जमीन खंडाने लावायची झाली तर कारभारींच्या मुलांना आधी विचारावे. ती पोरे कामाला वाईट नाहीत, आईवर गेली नाहीत.

कलम ४ मधले सुतळीएवढेही हे शब्द कायम आहेत, फक्त खालील कलम ११ त्याला अपवाद समजावे. कलम ४ मधली बाकी तक्रारही कायम आहे. तीनदा आडवा झालेला तो उंच पोरगा चुकीच्याच जागी खेळत होता, आणि हे मी गर्जे यांना जेवताना सांगितले. त्यांनी ते कबूल केले नाही.

कलम १०. मैदानाखालची जागा माझ्या जमिनीतून निघाली आहे. तेवढी जागा वेगळी मोजून गावच्या कबड्डी मंडळाला वापरायला द्यावी. माती चाळायची मोठी चाळणीही द्यावी. मैदानाची माती चाळल्याशिवाय पोरांना उतरवू नये. मैदानाच्या पाण्यासाठी विहीर मोकळी ठेवावी आणि बातमी दिल्यास विहिरीचे नाव घालावे.

कलम ११. माझे बसायचे साखर कारखान्याचे तागाचे पोते, लुगड्याचा काठ शिवलेले, आजच गर्जे यांच्या हवाली करते. माझ्या मागे वाद नको म्हणून इथे नोंद. पोत्याची मालकी गोरक्षची आहे. गर्जे यांना फक्त ते अंथरण्याचा हक्क आहे. तो त्यांनी असा वापरावा.

दर सामन्याला, देशात असो की परदेशात, गर्जे यांनी स्वतःच्या हाताने हे पोते आपल्या संघाच्या पाठीमागे, शेवटच्या रेषेच्या बाहेर अंथरावे. गोरक्षला सांगावे की मावशीची जागा आता तिथे आहे. मग तो चढाईला निघण्याआधी मागे वळून पाहील, आणि मग पुढे जाईल. मागे पाहणाऱ्याचा पाय कुठे पडणार हे समोरच्या सात जणांना कळत नाही. गर्जे यांनी गेल्या साली मला पाठीमागे बसायला सांगितले तेव्हा मी नाही म्हटले, कारण मला त्याचा चेहरा पाहायचा होता. पोत्याला चेहरा पाहायचा नसतो, म्हणून पोते तिथे चालेल.

मध्यंतराला संघ बाजू बदलतील, तेव्हा गर्जे यांनी पोते उचलून दुसऱ्या टोकाला न्यावे. हे काम दुसऱ्या कोणाला सांगू नये. देशाच्या संघाचा प्रशिक्षक सर्वांसमोर पोते घेऊन मैदानाला वळसा घालताना कसा दिसेल, असे गर्जे यांनी विचारले. मी म्हटले, मी दिसत होते तसाच.

पोत्यावर कोणीही बसू नये. गर्जे यांनी तर मुळीच बसू नये. एवढे वाचून दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली.

कलम १२. हे कलम शेवटी वाढवले आहे. साक्षीसाठी मंडळाचा जुना गडी भीमा बोरुडे वेळेवर आला. दुसरे साक्षीदार म्हणून दीर कारभारी यायचे होते, पण दस्तात काय आहे ते छबूबाईला कोठून तरी कळले आणि त्यांना एकाएकी पाठदुखी झाली. मी गर्जे यांना म्हटले, तुम्ही शिकलेले आहात, सही करा. त्यांनी टाक उचलला. तेवढ्यात मुळे म्हणाले की ज्याला दस्तातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, उद्या कोर्टात वाद निघतो. गर्जे यांना साक्षीदार व्हायचे असेल तर पोत्याचा हक्क सोडावा लागेल.

गर्जे यांनी टाक खाली ठेवला. पोते उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाले, "मग मी सही करत न्हाई, मावशी."

या वेळी मावशी म्हणण्याला मी हरकत घेतली नाही.

म्हणून कलम ११ च्या शेवटी एवढी दुरुस्ती करते. सामना चालू असताना पोत्यावर कोणीही बसू नये हे कायम. पण सामना संपल्यावर, लोक पांगल्यावर, मैदान मोकळे झाल्यावर, गर्जे यांना वाटले तर त्यांनी त्या पोत्यावर थोडा वेळ बसावे. त्यांच्यासाठी कडेला कोणी बसले नव्हते. तेव्हा मी पाथर्डीला नव्हते, नाही तर बसले असते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सून विजयमाला हिने करावी. वरील सर्व कलमे मला दोनदा वाचून दाखवली आहेत. ती माझ्या म्हणण्याप्रमाणे आहेत आणि याआधी मी कोठेही काही लिहून ठेवलेले नाही. देह पडल्यावर मला केडगावच्या मैदानावरून न्यावे. तिथे थांबवायची गरज नाही, खेळ चालू असेल तर तो चालू द्यावा.

ठिकाण: केडगाव, तालुका नगर
तारीख: १६ जानेवारी १९७४

सही: मनकर्णा रंगनाथ कराळे

साक्षीदार:
१. भीमा बोरुडे, राहणार केडगाव (सही)
२. भागूबाई, शेजारीण, राहणार केडगाव (डाव्या हाताचा अंगठा)

दस्त लिहिणार: नृसिंह मुळे, नगर

हजर, पण साक्ष नाही: कानिफनाथ गर्जे. पोते काखेत मारून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेले.